मिनिटाला बारा मात्रा

मंगळवारी दुपारी तीन वाजून बावीस मिनिटांनी 'खुंटी'च्या पानावर पहिली तक्रार आली. लायब्ररी प्रसिद्ध होऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. तक्रारीत चार वाक्ये होती.

'लय १२ वर ठेवली. हेडफोनमध्ये एकदम प्रचंड आवाज आला. सरांना काल संध्याकाळपासून डाव्या कानाने ऐकू येत नाही. हे तुमच्या लायब्ररीमुळे झालं का ते सांगा.'

खाली नाव होते योगेश. गाव पिंपळगाव बसवंत. फोन नंबर नव्हता.

आमची कंपनी गंगापूर रोडवर एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. माणसे आठ. आम्ही शास्त्रीय संगीताच्या रियाजासाठी लागणारी मोबाइल ॲप्स बनवतो. त्यातले मुख्य काम लेहऱ्याचे. लेहरा म्हणजे तबलावादकासाठी पुन्हा पुन्हा वाजणारी एकच छोटी धून. ती पूर्वी सारंगी किंवा पेटीवर कोणीतरी धरून बसे. आता फोन धरतो. धून फिरत राहते, तबलावादक तिच्यावर मात्रा मोजतो आणि समेवर येतो.

फोनमध्ये हा आवाज तयार करणारा कोड मी लिहिलेला आहे. लायब्ररी म्हणजे असा कोडचा तयार भाग, जो दुसरा प्रोग्रॅमर उचलून आपल्या ॲपमध्ये बसवू शकतो. ओपन सोर्स म्हणजे तो सगळ्यांना खुला. कोणीही घ्यावा, वाचावा, बदलावा. कंपनीचे मालक सुधीर सर यांनी आमच्या ॲपमधला आवाजाचा भाग वेगळा काढून खुला करायचे ठरवले. 'चार लोक वापरतील, चुका काढतील, नाव होईल,' एवढेच त्यांचे म्हणणे होते. नाव मी ठेवले. तानपुऱ्याची तार जिच्यावर ताणतात ती खुंटी. कंपनीची ही पहिलीच खुली लायब्ररी होती आणि माझीही.

त्या पानावर कोणाची तरी प्रतिक्रिया येईल म्हणून मी नऊ दिवस वाट पाहिली होती.

तक्रार खरी आहे की नाही हे पाहायला कॉम्प्युटर लागला नाही. कागद पुरला.

तार छेडली की आवाज हळूहळू विरतो. प्रोग्रॅममध्ये ते असे करतात. आवाजाचा एक छोटा तुकडा गोल फिरवत ठेवायचा आणि प्रत्येक फेरीत त्याला एका आकड्याने गुणायचे. तो आकडा एकापेक्षा किंचित कमी असतो. ०.९९६ ने गुणले की आवाज प्रत्येक फेरीत थोडा कमी होतो. सेकंदाला सव्वाशेच्या वर फेऱ्या होतात, त्यामुळे कानाला तार विरल्यासारखी वाटते. लय संथ असेल तर तार जास्त वेळ घुमायला हवी, म्हणजे आकडा एकाच्या अधिक जवळ हवा. किती जवळ, हे मी वेगवेगळ्या लयींना कानाने ऐकून ठरवले होते आणि त्या ठिपक्यांतून एक सरळ रेष काढली होती. रेषेचे सूत्र एका ओळीचे. मला ते आवडले होते.

लय १२ म्हणजे मिनिटाला बारा मात्रा, एका मात्रेला पाच सेकंद. मी सूत्रात पाच घातले. उत्तर आले १.०१७.

आकडा एकाच्या वर गेला की तार विरत नाही. ती वाढते. १.०१७ ने सव्वाशे वेळा गुणले की एका सेकंदात आवाज आठपटीच्या वर जातो. मग फोनची कमाल मर्यादा येते आणि त्या मर्यादेवर तो तसाच राहतो.

शेजारच्या टेबलावर अमोल होता. आमच्याकडे टेस्टिंग तो करतो; रविवारी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. लायब्ररी कोणकोणत्या लयींना तपासायची याची यादी त्यानेच केली होती. सर्वांत संथ लय चाळीस.

"अमोल, आपण बाराला कधी ऐकलंय?"

"बारा? मिनिटाला बारा?" तो हसला. "तेवढ्यात चहा होईल मॅडम."

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याने तक्रार वाचली. पुन्हा वाचली. मग त्याने स्वतःच्या कानातले इअरफोन काढून टेबलावर ठेवले.

अतिविलंबित एकताल लोक मिनिटाला बारा मात्रांच्या लयीत वाजवतात, कधी त्याहूनही संथ. वादक मनातल्या मनात एकेका मात्रेचे चार तुकडे करून मोजतो. हे मला नंतर नीट समजले. आमच्या ऑफिसात तबला शिकलेले एकही माणूस नव्हते. मी तीन वर्षे पेटी शिकले, अमोल कीबोर्डवाला, बाकीच्यांना संगीताशी घेणे नव्हते. चाळीस ही लय आम्हाला फार संथ वाटली होती.

तरी एक गोष्ट पटत नव्हती. आमचे स्वतःचे ॲप याच कोडवर चालते आणि त्यातही लय खाली नेता येते. दोन वर्षांत एकही तक्रार नव्हती.

अमोलने ॲपचा कोड उघडला. पाच मिनिटांनी म्हणाला, "लिमिटर इकडे राहिला."

लिमिटर म्हणजे आवाजाचा पहारेकरी. आत काहीही झाले तरी ठरावीक पातळीच्या वर तो आवाज जाऊ देत नाही. आमच्या ॲपमध्ये तो होता, पण सगळ्यात बाहेरच्या भागात. लायब्ररी वेगळी काढली ती आतल्या भागातून. काढताना आम्ही सगळी तपासणी आमच्याच ॲपमध्ये बसवून केली. पहारेकरी तिथे होता, म्हणून काही ऐकू आले नाही. लोकांच्या हाती दिली तेव्हा तो नव्हता.

मी हेडफोन फोनला जोडले, आवाज निम्म्यावर ठेवला, हेडफोन टेबलावर ठेवले आणि खुर्ची मागे सरकवली. लय बारा केली. तार छेडली गेली. पहिला अर्धा सेकंद नेहमीसारखाच होता. मग तो आवाज दाराशी उभ्या असलेल्या सुधीर सरांपर्यंत गेला.

"काय फाटलं?" त्यांनी विचारले.

मी सांगितले. त्यांनी तक्रार उभ्यानेच वाचली.

"किती जणांनी घेतलीय लायब्ररी?"

"दोनशे बारा डाउनलोड आहेत. पण त्यात बरेचसे सर्व्हरच असतात, आपोआप कॉपी करून ठेवणारे. माणसं किती ते कळत नाही."

"नावं?"

"नावं कुठेच नसतात, सर."

ओपन सोर्सची ही बाजू आमच्यापैकी कोणी विचारातच घेतली नव्हती. औषधाची बाटली परत मागवायची तर दुकानदाराला विचारता येते. इथे दुकानदार नव्हता.

"दुरुस्त करायला किती वेळ?"

"अर्धा तास. तपासायला उद्या दुपारपर्यंत."

"मग कर. नवी आवृत्ती टाक आणि खाली लिही, किरकोळ सुधारणा."

"किरकोळ कसं लिहू?"

"मेघना, लायसन्समध्ये आपण लिहिलंय ना, जशी आहे तशी घ्या, जबाबदारी आमची नाही? सगळेच लिहितात. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या क्लायंटची मीटिंग आहे. तो पहिलं तेच पान उघडणार."

"किरकोळ वाचून कोणी नवी आवृत्ती घेत नाही. जुनीच चालू ठेवतील."

प्रोग्रॅमिंगकडे वळण्याआधी सहा वर्षे मी एका दैनिकाच्या डेस्कवर होते. तिथे नियम होता: चूक ज्या पानावर, खुलासा त्याच पानावर, आणि काय चुकले ते सरळ शब्दांत. हे मी सरांना त्या वेळी सांगितले नाही. आधी करायच्या गोष्टी दुसऱ्या होत्या.

तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी मी ०.१.० ही आवृत्ती मागे घेतली. मागे घेतली म्हणजे नव्याने कोणाला मिळणार नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्याकडे ती राहते. योगेशच्या तक्रारीखाली लिहिले: 'होय, आमच्यामुळे झाले असण्याची दाट शक्यता आहे. ॲप बंद ठेवा. सरांना आजच कानाच्या डॉक्टरांकडे न्या. मला फोन करा.' माझा नंबर दिला.

फोन आला नाही.

खालच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारले. ते कानाचे डॉक्टर नाहीत. ते म्हणाले, "मोठ्या आवाजानं अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर थांबायचं नसतं. पहिले एक-दोन दिवस महत्त्वाचे. पेशंट आठवड्यानं गेला तर हातात फक्त ऐकू येत नसल्याचा कागद मिळतो."

काल संध्याकाळपासून, असे तक्रारीत लिहिले होते. म्हणजे जवळपास एक दिवस गेला होता.

मी वर आले तेव्हा अमोल उभा होता. "मॅडम, फोर्क बघितले का?"

फोर्क म्हणजे दुसऱ्याने आपल्या नावावर केलेली कोडची प्रत. आमच्या लायब्ररीचे दोन फोर्क होते. एकाच्या मालकाचे नुसते टोपणनाव, बाकी काही नाही. दुसऱ्याचे नाव होते स्मिता, शहर नाशिक. प्रतीचे वर्णन: 'मुलांच्या क्लाससाठी. मंगळवारपासून सुरू. लय १० ते १२०. सात हेडफोन.'

मंगळवार आजच होता.

चार वाजून दहा मिनिटे झाली होती. मुलांचे क्लास साधारण पाचला भरतात. पत्ता नव्हता, फोन नव्हता. मी तिच्या पानावर मेसेज लिहिला. अमोलने हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला फोन लावला. शहरातल्या बहुतेक क्लासच्या पेट्या त्याच्या हाताखालून जातात.

"काका, स्मिता नावाच्या बाईंचा गाण्याचा क्लास कुठंय?"

"कोणती स्मिता? सिडकोतली का पंचवटीतली?"

"कॉम्प्युटरवाली."

"मग पंचवटी. इंजिनीअरची नोकरी सोडून पेटी घेऊन बसली ती. भाता फाटला होता तिचा गेल्या महिन्यात."

त्याने नंबर दिला. रिंग वाजत राहिली. पाच वेळा लावला. पत्ता रामवाडी पुलापलीकडचा होता.

"चला, मी गाडी काढतो," सुधीर सर म्हणाले. मघापासून ते दारातच उभे होते.

अशोकस्तंभापाशी सिग्नलला थांबलो तेव्हा पाचला सोळा मिनिटे होती. पुलावर एक टेम्पो बंद पडला होता. सर हॉर्न वाजवत नव्हते, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. मी नंबर लावत राहिले. क्लासच्या वेळी फोन सायलेंटवर ठेवणारी माणसे शहाणी असतात, हे मी एरवी म्हणाले असते.

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून चार मिनिटे झाली होती. तळमजल्यावरच्या खोलीत मुले सतरंजीवर बसली होती. सात जणांच्या कानांवर हेडफोन होते. बाई समोर टॅबलेट घेऊन बसल्या होत्या.

"हेडफोन काढा," मी दारातूनच म्हणाले. "सगळ्यांनी. आत्ता."

मुलांनी बाईंकडे पाहिले. त्यांना माझे ऐकू गेले नसावे. सुधीर सर बूट न काढता आत गेले आणि पहिल्या दोघांच्या कानांवरचे हेडफोन त्यांनी स्वतः उचलले. बाकीच्यांनी ते पाहून काढले.

"कोण तुम्ही? आणि बूट?" बाई उठल्या.

"'खुंटी' आम्ही लिहिलीय. तुम्ही सुरू केलंय का?"

"करतच होते. का?"

"लय किती ठेवलीय?"

"दहा. नवीन मुलं आहेत, हळू लागतं त्यांना. मी स्वतः तीसवर ऐकून बघितलं घरी, छान वाजलं."

तीसवर छानच वाजते. तिथे सूत्राचे उत्तर ०.९९९ येते. पुढे अगदी थोड्या अंतरावर एक आहे.

मी एक हेडफोन सतरंजीच्या मध्यावर ठेवला आणि मुलांना भिंतीकडे जायला सांगितले. बाईंनी स्वतःच बटण दाबले. आवाज आला तेव्हा एक मुलगी हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टॅबलेट बंद केला, सातही हेडफोनच्या वायरी काढल्या आणि त्या हातात गुंडाळत राहिल्या. निघताना त्यांनी सरांना पाणी दिले. ते त्यांनी उभ्यानेच प्यायले.

गाडीत बसलो आणि माझा फोन वाजला. योगेश होता.

"मॅडम, आत्ता बघितलं तुमचं. कोल्ड स्टोरेजच्या आत होतो, तिथं रेंज नसती."

योगेश पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कंट्रोल पॅनेल सांभाळतो. निकम सरांकडे अकरा वर्षे तबला शिकतो. सरांच्या रियाजासाठी त्याने आमची लायब्ररी घेऊन छोटे ॲप केले होते.

"डॉक्टरकडे नेलंत का?"

"नाय ना. सर म्हणतात सर्दीनं कान बसलाय, उघडंल. काकूंनी तेल घातलंय कानात."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"फोनवर नाय ऐकायचे ते. आता तर खरंच नाय ऐकायचे." तो स्वतःच थांबला. "सॉरी मॅडम."

सुधीर सरांनी गाडी आडगावच्या दिशेने घेतली. पंचवटीतून पिंपळगावचा महामार्ग जवळ आहे.

ओझर मागे पडल्यावर ते म्हणाले, "काय लिहिणारेस ते वाच."

मी फोनवर लिहिलेला मजकूर वाचला. 'आवृत्ती ०.१.० वापरू नका. लय सुमारे २८ च्या खाली गेल्यास हेडफोनमध्ये धोकादायक मोठा आवाज येतो. एका वादकाच्या कानाला इजा झाली असण्याची शक्यता आहे. चूक आमची आहे.'

"पहिल्याच ओळीत?"

"पानाच्या माथ्यावर. मराठीत आणि इंग्रजीत."

"क्लायंट वाचेल."

"हो."

पुढे द्राक्षांच्या क्रेटने भरलेला एक टेम्पो चालला होता. त्यांनी त्याला ओलांडले. मग म्हणाले, "'असण्याची शक्यता' राहू दे. डॉक्टरांनी सांगितलं की बदल." मी मजकूर टाकला तेव्हा सहा वाजून दोन मिनिटे झाली होती.

निकम सर एकसष्ट वर्षांचे आहेत. दिवसा एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या पॅकिंगवर सुपरवायझर, संध्याकाळी घरी तबला शिकवतात. आम्ही गेलो तेव्हा ते ओसरीवर तबला हातोडीने सुरात लावत होते. योगेशने आम्ही कोण ते सांगितले. ते मान डावीकडे वळवून, उजवा कान पुढे करून ऐकत होते.

"या ताई, बसा. तुमची तार लय वरडली बरं का."

मी म्हणाले, "सर, चूक माझी आहे. तपासायला हवं होतं, तपासलं नाही."

"तुम्ही काय मुद्दाम केलं? डग्ग्याचा कान बसलाय, तबल्याचा शाबूत हाय."

ते काय म्हणतात ते योगेशने समजावले. तबलावादक हेडफोन एकाच कानावर घेतात. दुसरा कप कानामागे सरकवतात, म्हणजे स्वतःचा तबला ऐकू येतो. तबला उजव्या हाताला, म्हणून उजवा कान उघडा. डग्गा डावीकडे, लेहरा डाव्या कानात. तबल्याचा आवाज मोठा असतो, त्यामुळे लेहऱ्याचा आवाजही पूर्ण वाढवलेला असतो. सोमवारी संध्याकाळी तो पूर्ण वाढवलेला होता.

"डॉक्टरकडे चला सर. गाडी आहे. रात्री परत आणून सोडतो."

"सर्दी हाय हो. दोन दिवसात उघडतो."

काकू आतून म्हणाल्या, "सकाळपासून कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात यांना. भात करपला."

"तू मोजायच्या मग."

"साठ मुलांना मात्रा मोजायला शिकवलं, आता शिट्ट्या मी मोजू?"

सर हसले. उठले नाहीत. हातोडी पुन्हा हातात घेतली.

मी योगेशला बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले होते ते सांगितले: पहिले एक-दोन दिवसच महत्त्वाचे. तो सरांसमोर बसला आणि म्हणाला, "सर, एक करा. उजव्या कानात बोट घाला, डोळे मिटा. मी मागं बसून किनारीवर हलका 'ना' वाजवतो. ऐकू आला की मान हलवा. मग कुठं जायचं नाय."

किनार म्हणजे तबल्याच्या पुडीची कड. 'ना' तिथे एका बोटाने वाजतो. तबल्यातला सर्वांत टोकदार आवाज तोच.

"वाजव," सर म्हणाले. डोळे मिटले, बोट कानात दाबले.

योगेशने वाजवला. मी दोन हातांवर होते, मला स्पष्ट आला. सरांची मान हलली नाही. त्याने पुन्हा वाजवला. पुन्हा. पाचव्यांदा थोडा जोरात.

"वाजव की," सर म्हणाले.

सरांनी डोळे उघडले आणि आमच्याकडे पाहिले. मग त्यांनी कानातले बोट काढले, वळून योगेशच्या हाताकडे पाहिले. त्याचे बोट किनारीवरच होते.

"किती झाले?"

"पाच, सर."

त्यांनी हातोडी गवसणीत ठेवली. काकूंना म्हणाले, "माझा सदरा दे."

नाशिकच्या कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही सव्वाआठला पोचलो. तिथे एक आवाजबंद खोली असते. रुग्ण आत बसतो, हेडफोनमधून बारीक आवाज येतात, ऐकू आला की बटण दाबायचे. हेडफोन म्हटल्यावर सर दारात थांबले. तपासणाऱ्या बाईंनी तो आधी स्वतःच्या कानाला लावून दाखवला. मग ते आत गेले. काचेतून त्यांचा अंगठा दिसत होता. उजव्या कानाच्या वेळी तो सारखा दाबला जात होता. डाव्याच्या वेळी बराच वेळ नुसता बटणावर होता.

बाहेर आल्यावर म्हणाले, "ह्या बाईंची मात्राच धरता येत नाय."

"मुद्दामच धरू देत नाहीत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आलेख समोर ठेवला. उजव्या कानाची रेघ वर, जवळजवळ आडवी. डाव्याची मधून खाली उतरलेली. "मोठ्या आवाजानंच झालंय. काल आला असता तर अजून बरं. औषध आत्ता सुरू करू."

"परत येईल का?" हे मी विचारले.

"काही येईल. किती ते आज सांगता येणार नाही."

"तबला?" हे सरांनी विचारले.

"पंधरा दिवस नाही."

अकरा वर्षांत सरांच्या रियाजात पंधरा दिवसांचा सलग खंड कधी पाहिला नाही, असे योगेशने नंतर सांगितले. परत जाताना गाडीत निकम सर डाव्या खिडकीकडे बसले आणि वाटेत दोनदा त्यांनी डाव्या कानापाशी चुटकी वाजवून पाहिली. नोटिशीतले 'असण्याची शक्यता' हे शब्द मी त्या प्रवासात काढले.

बुधवारी दुपारी साडेबाराला ०.१.१ प्रसिद्ध झाली. सरळ रेष काढून टाकली. गुणायचा आकडा काहीही झाले तरी एकाच्या खालीच राहील अशी मर्यादा घातली. लिमिटर लायब्ररीच्या आत आणला. अमोलची नवी यादी आठ या लयीपासून सुरू होते. ती यादी निकम सरांनी सांगितली आणि योगेशने कागदावर लिहून फोटो पाठवला. तीत कोणता ताल किती संथ वाजतो ते आहे. त्यातले तीन ताल आमच्यापैकी कोणी ऐकलेही नव्हते.

नोटीस वाचून अकरा जणांनी कळवले की त्यांनी जुनी आवृत्ती काढली. स्मिताबाईंनी आपली प्रत दुरुस्त केली. क्लासात आता स्पीकर आहे. टोपणनावाच्या फोर्कच्या मालकाला मी सहा मेसेज पाठवले. उत्तर नाही. त्या प्रतीत जुना कोड तसाच आहे. पुण्याच्या क्लायंटने मीटिंग पुढे ढकलली. नवा दिवस कळवलेला नाही. सुधीर सरांनी नोटीस पानाच्या माथ्यावरून काढायला सांगितलेले नाही.

निकम सरांची तिसरी तपासणी सहा आठवड्यांनी झाली. खालच्या आणि मधल्या स्वरांची रेघ बरीच वर आली होती. चार हजार हर्ट्झपाशी, म्हणजे टोकदार आवाजांच्या पट्ट्यात, खड्डा राहिला होता. डॉक्टरांनी कागदावर लिहिले: सुधारणा, अपूर्ण.

त्या दिवशी मी त्यांच्यासोबत पिंपळगावला गेले. चहा झाल्यावर सर ओसरीवर बसले, उजव्या कानात बोट घातले, डोळे मिटले आणि योगेशला मागे बसायला सांगितले. योगेशने किनारीवर हलका 'ना' दहा वेळा वाजवला.

सरांनी सात मोजले.